गोल्डफिश टिकत नाहीयेत, दर रविवारी सगळं पाणी बदलूनसुद्धा

प्रश्न

नमस्कार, मदत हवीये. जरा लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं काय चुकतंय ते तुम्हालाही कळणार नाही. लेकीच्या हट्टापायी पाच आठवड्यांपूर्वी फिश टँक आणला, २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १० इंच उंच, म्हणजे साधारण ४५ लिटर पाणी बसतं. त्यात तीन गोल्डफिश सोडले, एक ओरांडा, म्हणजे ज्याच्या डोक्यावर टोपीसारखी वाढ असते तो, एक फँटेल आणि एक लांब सडपातळ कॉमेट. दुकानात विचारलं होतं की एवढ्या टँकमध्ये तीन राहतील का, तर म्हणाले आरामात राहतील, मासा टँकच्या मापानेच वाढतो.

स्वच्छतेत मी अजिबात कमी करत नाही. दर रविवारी मासे बादलीत काढते, सगळं पाणी फेकते, तळातली रंगीत खडी गरम पाण्याने धुते, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळते आणि ताजं पाणी भरून मासे परत सोडते. तरी बुधवार-गुरुवारपर्यंत पाणी दुधाळ दिसायला लागतं. तिसऱ्या आठवड्यात फँटेल गेला, आदल्या दिवसापासून वर येऊन तोंड उघडझाप करत होता. आता ओरांडा तळाशी कोपऱ्यात बसून असतो, वरचा पर मिटलेला, आणि त्याच्या परांच्या कडा आणि पोटाची बाजू काळपट झालीये. कॉमेट त्यातल्या त्यात बरा आहे. दिवसातून तीनदा दाणे घालते, मागायला येतात म्हणून घालते.

लेक रोज शाळेतून आली की आधी टँकपाशी जाते, दुसराही गेला तर तिला काय सांगायचं तेच मला सुचत नाहीये. माझं नक्की कुठे चुकतंय? प्लीज सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी ओरांडाचं बघू, बाकी नंतर. आजच अर्धं पाणी काढा, सगळं नाही, अर्धंच, आणि तेवढंच नवीन पाणी घाला. नवीन पाण्यात आधी अँटीक्लोरीनचे थेंब घाला, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. पाण्यात हात घालून बघा, टँकमधल्या पाण्याइतकंच कोमट-गार लागलं पाहिजे. दोन दिवस दाणे पूर्ण बंद. मासा उपाशी राहील म्हणून काळजी करू नका, धडधाकट गोल्डफिश आठवडाभरसुद्धा खाण्याशिवाय काढतो. उद्या परत अर्धं बदला. आणि फिल्टरच्या स्पंजला आता हात लावू नका, कितीही मळका दिसला तरी.

आता कारण. तुम्ही स्वच्छता करताय त्यात तुमची काळजीच दिसते, पण ही स्वच्छताच माशांना बाधतेय. बारा वर्षं गोल्डफिश पाळतोय, पहिल्या वर्षी मीही हेच केलं आणि चार मासे गमावले, तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

मासा पाण्यात अमोनिया सोडतो, विष्ठेतून कमी आणि कल्ल्यांतून जास्त, श्वास घेता घेता सतत. उरलेले दाणे कुजतात त्याचाही अमोनियाच होतो. मोठ्या तळ्यात तो पांगतो, ४५ लिटरमध्ये जागा कुठे आहे पांगायला? हा अमोनिया संपवायचं काम करतात जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, ते सुद्धा विषारीच, मग दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते चिकटून राहतात, स्पंजच्या छिद्रांत, खडीवर, काचेवर, आणि वाढतात अगदी हळू. नवीन टँकमध्ये त्यांची वस्ती पुरेशी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी आठसुद्धा. तुम्ही दर रविवारी स्पंज नळाखाली चोळता, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते असतं जंतू मारायलाच, वर खडी गरम पाण्याने धुता, म्हणजे सहा दिवसांत जी काही थोडी वस्ती झाली असेल ती सातव्या दिवशी पुसली जाते. पाच आठवडे झाले तरी तुमचा टँक दर सोमवारी पहिल्या दिवसावरच उभा आहे.

दुधाळ पाणी म्हणजे वेगळे जिवाणू, पाण्यात तरंगणारे, कुजक्या अन्नावर एकदम वाढणारे. ते आपोआप बसतं, त्यासाठी सगळं पाणी फेकायची गरज नाही.

काळे डाग बघून घाबरू नका. अमोनियाने कातडी भाजते आणि ती भरून येताना गोल्डफिशला बऱ्याचदा काळा रंग चढतो. म्हणजे भाजलंय हे खरं, पण कुठेतरी भरूनही येतंय, आणि पाणी सुधारलं की काही आठवड्यांत काळं निघून जातं.

एक टेस्ट किट आणा, पट्ट्यांचं नको, थेंबांचं आणा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चार गोष्टी मोजणारं. आकडे इथे टाका. आकड्यांशिवाय आपण सगळे अंधारात चाचपडणार.

प्रतिसाद २

माझा साधा अनुभव सांगतो, खडे मीठ टाका मूठभर, मासा लगेच ताजातवाना होतो. आमच्याकडे कायम टाकतो.

प्रतिसाद ३

मिठाबद्दल जरा थांबा. वरच्यांना मिठाने फायदा झाला असेल, मी नाही म्हणत नाही, पण मूठभर म्हणजे किती आणि कशासाठी हे माहीत असल्याशिवाय टाकू नका. मीठ अमोनियावर काहीच करत नाही. ते उपयोगी पडतं नायट्राइटवर. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्त तपकिरी करतं, मग त्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, पाण्यात हवा भरपूर असली तरी मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच दारातून आत जातं, त्यामुळे नायट्राइटला आत शिरायला वाव कमी मिळतो. त्यासाठी लिटरला १ ग्रॅम भरपूर झालं, तेही वजन करून, वेगळ्या मगमध्ये विरघळवून हळूहळू घालायचं, आणि आयोडीन वगैरे काही न मिसळलेलं साधं मीठ. दुसरं म्हणजे पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. दर वेळी पाण्याची पातळी कमी झाली म्हणून पाण्याबरोबर मीठही घालत गेलात तर महिन्याभरात किती साठलं याचा पत्ता लागत नाही. जेवढं पाणी बाहेर काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं. कायमचं मीठ ठेवायला मी तरी सांगणार नाही, टँकमधली झाडं त्याने मरतात आणि खरी गरज पडते तेव्हा हाताशी उपाय उरत नाही.

आता ताई, एक गोष्ट कुणीतरी स्पष्ट बोलायला हवी. ४५ लिटर कमी आहे. "मासा टँकच्या मापाने वाढतो" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा पसरवलं त्याने किती मासे मारले असतील. लहान टँकमध्ये वाढ खुंटते ती घाणेरड्या पाण्यामुळे आणि ताणामुळे, आणि खुंटलेला मासा अर्ध्या आयुष्यात जातो. कॉमेट नीट वाढला तर २५ ते ३० सेंटीमीटर होतो, फूटभर, म्हणजे तुमच्या टँकच्या रुंदीएवढा, तो वळणार कुठे? ओरांडा, फँटेल असले गोल अंगाचे १५ ते २० सेंटीमीटर होतात. मी धरतो तो हिशोब असा, पहिल्या गोल अंगाच्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर. कॉमेटला तर तळंच बरं.

आणि टँक घेताना उंची बघून भुलू नका. पाण्यात हवा विरघळते ती मुख्यतः वरच्या पृष्ठभागावरून, त्यामुळे लांब-रुंद आणि बुटका टँक गोल्डफिशला केव्हाही चांगला. गोल बाऊल याच कारणाने वाईट, पाणी कमी, वरचं तोंड अरुंद, फिल्टर बसवायला जागा नाही.

कॉमेट आणि ओरांडा एकत्र ठेवूच नयेत असं माझं ठाम मत आहे. कॉमेट चपळ, तो दाणे संपवून टाकतो, आणि ओरांडाची ती टोपी वाढली की त्याला नीट दिसतही नाही, तो बिचारा वास घेत घेत दाण्यापर्यंत पोचतो तेव्हा तिथे काही उरलेलं नसतं.

प्रश्नकर्ती

तुमचे सगळ्यांचे खूप आभार, इतक्या आपुलकीने लिहिलंत. स्पंज मी स्वतःच्या हाताने चोळत होते हे वाचून फार वाईट वाटलं. दोन दिवस अर्धं अर्धं पाणी बदललं, दाणे बंद ठेवले. त्यानंतर पाणी बदललं नाही, काल किट आलं, मी आणि लेक दोघींनी बसून थेंब मोजले. अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, नायट्राइट ०, नायट्रेट ०, पीएच ७.८. हे किती वाईट आहे? ओरांडा आज थोडा फिरला, पण परत कोपऱ्यात गेला.

दोन प्रश्न. पिण्यासाठी आरओ मशीन आहे, ते पाणी सगळ्यात शुद्ध, मग तेच भरू का? आणि मोठा टँक घ्यायचा तर लगेच घेऊ की आधी हा नीट करू?

प्रतिसाद १

नायट्राइट आणि नायट्रेट दोन्ही शून्य आहेत म्हणजे टँक सायकल झालेला नाही, म्हणजे त्या जिवाणूंची वस्ती अजून बसलेली नाही, अगदी सुरुवात आहे, अंदाज होता तसंच. २ पीपीएम हे वाईट आहे, पण उशीर झालेला नाही.

किटमध्ये जो अमोनिया दिसतो तो दोन रूपांतला मिळून असतो. एक रूप जास्त विषारी, दुसरं बरंच कमी. कुठलं किती हे पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर विषारी रूप जेमतेम अर्धा टक्का असतं, पीएच ८ झाला की तेच ५ टक्क्यांच्या वर जातं. तोच अमोनिया, तोच आकडा, पण दसपट घातक. तुमचा ७.८ आहे म्हणजे त्या घातक टोकाजवळ. पण म्हणून पीएच उतरवायच्या बाटल्या आणू नका बरं का, त्यांनी पीएच वर-खाली होत राहतो आणि तो हेलकावा माशाला आणखी त्रास देतो. ७ ते ८ मध्ये गोल्डफिश छान राहतात. आपल्याला पाणी बदलून अमोनियाच कमी करायचाय. रोज मोजा, ०.५ च्या वर दिसला की अर्धं पाणी बदला. सुरुवातीचे काही दिवस रोज बदलावं लागेल, कंटाळू नका. पाणी बदलल्याने जिवाणू जात नाहीत, ते स्पंजला चिकटलेत, जातात ते स्पंज धुतल्याने.

आरओ अजिबात नको. आपल्याला शुद्ध वाटतं कारण त्यातले क्षार काढलेले असतात, आणि नेमके ते क्षारच माशाला आणि जिवाणूंना लागतात. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली अल्कली, म्हणजे ज्याला केएच म्हणतात ती, खर्च होते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ मिलिग्रॅम. आरओच्या पाण्यात ती जवळपास नसतेच, म्हणजे थोड्याच दिवसांत पीएच धाडकन खाली येतो आणि पीएच ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. नळाचं पाणी, अगदी जड पाणीसुद्धा, गोल्डफिशला चालतं. फक्त अँटीक्लोरीन विसरायचं नाही. काही लोक पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवतात, साधं क्लोरीन असेल तर उडून जातं, पण काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते असं उडत नाही, म्हणून थेंब घातलेले बरे.

एक काम करा, ओळखीत कुणाकडे जुना, चांगला चाललेला, आजारी मासे नसलेला टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर सिरॅमिक रिंग, म्हणजे जिवाणू बसायला फिल्टरमध्ये ठेवतात ती सच्छिद्र कडी, मागा. ओल्याच आणा, त्यांच्याच पाण्यात बुडवून, आणि लगेच तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. महिन्याचं काम दहा-पंधरा दिवसांवर येतं. विरजण लावतो तसंच आहे ते. बाटलीतले जिवाणूही मिळतात, काहींना गुण येतो काहींना नाही, मी जुन्या स्पंजवर जास्त भरवसा ठेवतो.

फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. रात्री आवाज होतो म्हणून बंद करणारे पाहिलेत मी. जिवाणूंना प्राणवायू लागतो, पाणी थांबलं की फिल्टरच्या आत ते गुदमरतात आणि सकाळी चालू केल्यावर ती सगळी घाण टँकमध्ये येते.

मोठ्या टँकचं म्हणाल तर जमत असेल तर लवकर घ्या, जास्त पाण्यात चुका पचतात.

प्रतिसाद ४

खाण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण माझ्या मते निम्मा गोंधळ तिथेच आहे. गोल्डफिशला पोट नसतं. म्हणजे जठरच नसतं, खाल्लेलं सरळ लांब आतड्यात जातं, साठवायला पिशवी नाही. त्यामुळे तो सतत थोडं थोडं खात राहणारा मासा आहे, दिवसभर तळ उकरत फिरतो, आणि तुम्ही दिसलात की मागायला येतो ते भूक लागली म्हणूनच असं नाही, तो कायमच येणार. दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच. सध्या तर दिवसाआड एकदाच, चिमूटभर, अमोनिया आटोक्यात येईपर्यंत.

दाणे तळाशी बुडणारे घ्या. तरंगणारे दाणे खाताना मासा हवा गिळतो. गोल्डफिशमध्ये अन्ननलिका आणि वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, एका बारीक नळीने जोडलेले असतात, आणि ओरांडासारख्या गोल, आखूड अंगाच्या माशात आतली सगळी जागा दाटीची असते, मग उलटा तरंगतो, तिरका पोहतो, लोक म्हणतात स्विम ब्लॅडरचा आजार. माझ्या रँचूला, तोही गोल अंगाचाच गोल्डफिश, दोन वर्षं हा त्रास होता. दाणे बदलले, घालायच्या आधी अर्धा मिनिट टँकच्या पाण्यात भिजवायला लागले, आठवड्यातून एक दिवस उपास आणि एक दिवस उकडून साल काढलेला मटार, एवढ्यावर बराच फरक पडला. सगळ्यांना पडेलच असं नाही, काहींची ठेवणच तशी असते, पण करून बघण्यात नुकसान नाही.

हिरवं खायला आवडतं त्यांना. पालकाचं पान जरा वाफवून क्लिपला लावा, लेकीला बघायला मजा येईल.

आणि ती रंगीत खडी काढून टाका हो. वाटाण्याएवढी असेल तर गोल्डफिश तोंडात घेतो, चोखतो आणि थुंकतो, कधी घशात अडकते, मी स्वतः चिमट्याने काढलीये एकदा, हात थरथरत होते. एक तर तळ मोकळा ठेवा नाहीतर बारीक वाळू घाला, पातळ थर, नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे मोठे गोटे. बारीक वाळूत त्यांना उकरताना बघणं फार सुंदर असतं, कार्प कुळातला मासा आहे, तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतो, तो त्याचा मूळ स्वभाव आहे. मात्र खडी एकदम सगळी काढू नका, तिच्यावरही जिवाणू असतात, थोडी थोडी काढा.

प्रश्नकर्ती

अपडेट द्यायला आले. शेजारच्या इमारतीतल्या एका काकांकडे जुना टँक आहे, त्यांनी स्पंजचा मोठा तुकडा दिला. अकराव्या दिवशी अमोनिया ०.५ वर आला आणि नायट्राइट एकदम दिसायला लागलं, काल २ पीपीएम. कॉमेट वरती येऊन तोंड उघडतोय. हे बिघडतंय की सुधारतंय? ओरांडा उलट बरा दिसतोय, पर उघडलाय त्याने. पण त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर बारीक पांढरे ठिपके दिसतायत, रव्यासारखे. नेटवर वाचलं व्हाइट स्पॉट, औषध आणून ठेवलंय, घालू का?

प्रतिसाद ३

सुधारतंय. पहिल्या जातीचे जिवाणू कामाला लागलेत, दुसरे अजून मागे आहेत, म्हणून मधला माल साठतोय. आता मिठाची वेळ आली, लिटरला १ ग्रॅम, तुमच्या ४५ लिटरला ४५ ग्रॅम, एकदम नाही, दिवसभरात तीन वेळा विभागून. त्याआधी अर्धं पाणी बदला. एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाला जोडून बुडबुडे सोडणारा दगड, असेल तर लावा.

औषधाची बाटली उघडू नका अजून. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आहेत आणि बाजूच्या परांच्या पुढच्या काठावर आहेत का ते बघा. तसं असेल आणि दोन्हीकडे ओळीत, सारखे असतील, तर तो आजार नाही, ओरांडा नर आहे आणि वयात आलाय. त्याला ब्रीडिंग ट्यूबरकल म्हणतात. आजाराचे ठिपके कुठेही येतात, शेपटीवर, पाठीवर, दोन-तीन दिवसांत वाढतात, आणि मासा वस्तूंना अंग घासतो.

प्रतिसाद ५

वरचं अगदी बरोबर. खरा व्हाइट स्पॉट असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो, तो परजीवी माशाच्या कातडीच्या आत असताना औषध त्याला लागत नाही, तो गळून तळाशी जातो, तिथे फुटून शेकडो पिल्लं बाहेर पडतात, ती पोहत असताना काय ते औषध लागू पडतं. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणाऱ्यांच्या माशाला तो आजार परत होतो. पूर्ण कोर्स करायचा. आणि हा आजार टँकमध्ये येतो तो बहुतेक वेळा नवीन माशाबरोबर. पुढे कधी मासा आणलात तर तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा, तिथे साधा स्पंज फिल्टर पुरतो. मी एकदा हे टाळलं, घाई केली, आणि सात वर्षांची माझी जुनी जोडी त्यात गेली. अजूनही तो दिवस आठवतो.

काच साफ करायला म्हणून सकर फिश कुणी सुचवला तर आणू नका. तो गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चोखतो, जखमा करतो. शिवाय त्याला लागतं गरम पाणी, गोल्डफिश थंड पाण्याचा. १८ ते २३ अंश त्याला मानवतं, हीटर सहसा लागत नाही. उन्हाळ्यात मात्र लक्ष ठेवा, पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते, २० अंशाला लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो तर ३० अंशाला साडेसात, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. टँकचं झाकण उघडून पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. बर्फ एकदम टाकू नका. लाईट गेली तर मगने पाणी उंचावरून टँकमध्येच परत ओतत राहा, तेवढ्यानेही हवा मिसळते. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असावाच.

प्रश्नकर्ती

परत आले, आज छत्तिसावा दिवस. ठिपके दोन्हीकडे ओळीतच होते, औषध घातलं नाही, ओरांडा नर आहे हे कळल्यावर लेक जाम खूश झाली. नायट्राइट चोविसाव्या दिवशी कमी व्हायला लागलं. गेले पाच दिवस अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५. लेकीने वहीत रोजचे आकडे लिहून ठेवलेत, तक्ता करून. ओरांडाचा काळेपणा निम्म्याहून जास्त गेलाय. कॉमेटला ते काका त्यांच्या गावच्या घराच्या हौदात नेणार आहेत, तिथे चार मोठे कॉमेट आधीच आहेत.

आणि ४ फुटी टँक ठरवलाय, ४ बाय दीड बाय दीड, म्हणजे अडीचशे लिटर. आता हलवताना काय काळजी घेऊ? सगळं परत शून्यावर जायची भीती वाटतेय.

प्रतिसाद १

वाचून फार बरं वाटलं ताई. लेकीची वही जपून ठेवा. कॉमेट हौदात जातोय हेही चांगलं झालं, फक्त आधी वेगळ्या टबात ठेवायला सांगा त्यांना. आणि तो हौद कुठल्या ओढ्याला, नदीला जोडलेला नाही ना ते विचारा. गोल्डफिश बाहेर सुटले तर तळ उकरून पाणी गढूळ करतात, तिथल्या माशांची अंडी खातात, काही देशांत त्यामुळे तळीच्या तळी बिघडलीत.

टँक हलवताना शून्यावर जाणार नाही, जिवाणू फिल्टरमध्ये आहेत. नवीन टँकला नवीन फिल्टर लावाल, तासाला टँकच्या पाण्याच्या पाच-सहा पट पाणी फिरवणारा घ्या, गोल्डफिश घाण फार करतात. जुना फिल्टर तसाच उचलून नवीन टँकमध्ये लावा, दोन्ही शेजारी शेजारी चालू द्या, किमान सहा आठवडे. हलवताना स्पंज टँकच्याच पाण्यात बुडवून ठेवा, तास-दोन तासांच्या वर बंद राहू देऊ नका. मासा शेवटी. हलवल्यावर आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा.

स्टँडकडे नीट लक्ष द्या. अडीचशे लिटर म्हणजे अडीचशे किलो नुसतं पाणी, काच, वाळू धरून तीनशेच्या वर जाईल. भिंतीला लागून, लेव्हल लावून, टँकखाली थर्माकोलची शीट. साध्या टेबलावर अजिबात नको. थेट ऊन येणारी खिडकीही टाळा, शेवाळ आवरत नाही. दिवे आठ-नऊ तास पुरेत.

पुढची नेहमीची कामं सांगून ठेवतो. आठवड्याला ३० टक्के पाणी, सायफनने तळ ओढत, नायट्रेट ४० च्या वर जाऊ द्यायचं नाही, २० च्या आत राहिलं तर उत्तमच. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या टँकच्याच पाण्यात दोन-तीनदा पिळायचा, मळकट राहिला तरी चालेल. झाडं हवी असतील तर अनुबियास आणि जावा फर्न घ्या, लाकडाला किंवा दगडाला बांधून, पानं जाड असतात म्हणून गोल्डफिश सहसा खात नाहीत. मऊ झाडं लावाल तर ती त्याची कोशिंबीर समजा.

एक मासा एकटा ठेवू नका फार दिवस, त्याला सोबत लागते. टँक बसला की दोनेक महिन्यांनी अजून एक गोल अंगाचा आणा, आधी वेगळ्या टबात ठेवून. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो गोल्डफिश. ब्रिटनमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला, ४३ वर्षं. लेकीला सांगा हे.

प्रश्नकर्ती

सांगितलं. वहीच्या पहिल्या पानावर तिने ४३ लिहून ठेवलंय. टँक शनिवारी येतोय, वाळू धुवायला घेतलीये, सात बादल्या झाल्या तरी पाणी अजून गढूळच येतंय, नितळ येईपर्यंत धुवायची ना?

प्रतिसाद ४

हो, नितळ येईपर्यंत. दहा-बारा बादल्या लागतात. नवीन वाळू आहे, तिला नळाचं पाणी चालेल. आणि भरताना वाळूवर एक ताट ठेवून त्यावर पाणी सोडा, म्हणजे उडणार नाही.